गाभुळलेला नको

भोंग्यात एकच दोष होता. त्याला 'नको' म्हटलं की तो निघून जायचा.

हा दोष आहे हे कळायला पाच महिने गेले, कारण कोचीच्या मुख्य कचेरीत बसलेल्यांना तो गुण वाटत होता. भोंगा समाजमाध्यमांवर मालाची जाहिरात करायचा, तीही माणसाचा हात न लागता. सकाळी त्याला भडंगाचं एक पाकीट दाखवलं की दुपारपर्यंत त्याने त्या भडंगावर चित्रफिती केलेल्या असायच्या, गटागटांत गप्पा सुरू केलेल्या असायच्या आणि आवाजी निरोप धाडून लोकांची विचारपूस केलेली असायची. त्याची चारशे नावं आणि चारशे आवाज होते. कायद्याप्रमाणे प्रत्येक नावापुढे एक निळी खूण असे, म्हणजे हा माणूस नाही हे समोरच्याला कळावं. सांगलीच्या लोकांची त्याला काही हरकत नव्हती. समोरचा माणूस नसला तरी चालेल, फक्त रीतीने वागावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि भोंगा रीतीने वागत नव्हता. 'झणक भडंग'चे मालक बाबासो शिंगटे हीच तक्रार घेऊन विश्रामबागेतल्या शाखेत आले. शाखा म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली, आणि कर्मचारी म्हणजे शलाका बिडकर. भोंग्याला मराठी शिकवणं हे तिचं काम. बाबासोंनी सांगितलं की त्यांच्या मिरजेच्या मेहुणीला भोंग्याने निरोप धाडला होता, की वहिनी, लसणाचं नवीन भडंग आलंय, पाठवू का. वहिनी म्हणाल्या, "नको बाई, कशाला." भोंगा "बरं" म्हणाला आणि गेला. वहिनींनी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी भडंग आणलं आणि बाबासोंना फोन केला.

"तुमचं मशीन तुसडं हाय म्हणाली," बाबासो म्हणाले. "आता सोयऱ्यांत तोंड कसं दाखवायचं?"

शलाकाने कोचीला कळवलं. तिथल्या कुरियन मॅडमनी शांतपणे विचारलं, की बाईंना भडंग हवं होतं, तर त्या 'नको' का म्हणाल्या? शलाका चाळीस मिनिटं समजावत राहिली. पहिला नको हा खरं तर नमस्कारासारखा असतो, दुसरा समोरच्याचा आपल्यावर किती जीव आहे ते बघायला असतो, आणि नकार द्यायचाच असेल तर तो साधारण तिसऱ्या वेळी येतो, पण तोही नक्की नाही. सगळं ऐकून मॅडमनी एकच विचारलं. मग कुणाला खरोखरच नकोय, हे तुम्हा लोकांना कसं कळतं?

"आम्हाला नाही कळत," शलाका म्हणाली. "माझ्या वडिलांना कळतं."

शलाकाचे वडील, गजानन बिडकर, हे सगळ्यांचे नाना. सांगली जिल्ह्यातल्या लग्नांत ते एकतीस वर्षं वाढपी होते. स्वयंपाकाशी त्यांचा संबंध नव्हता, आचारी वेगळे. नानांचं काम पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन फिरणं आणि आग्रह करणं. शलाकाची आई ती दहावीत असताना गेली आणि तेव्हापासून गावभागातल्या दोन खोल्यांत हे दोघंच. घरी नाना फारसं बोलत नसत. बोलणं ते पंगतीसाठी राखून ठेवत असावेत.

पंगतीत मात्र ते वैद्य होते. ताटावर हात आडवा धरून, पण बोटं फाकवून 'नको' म्हणणाऱ्याला ते त्या फटीतून नेमकी मावेल अशी जिलेबी वाढायचे. बायको शेजारी असताना म्हटलेला नको हा बायकोला ऐकवण्यासाठी असतो, तेव्हा तिने मान वळवेपर्यंत थांबायचं, हे त्यांना ठाऊक होतं. व्याह्यांचा नको हा त्यांचा वेगळाच अभ्यासाचा विषय होता. त्यांची सगळी वर्गवारी त्यांनी चिंचेवरून केलेली होती. कच्चा नको म्हणजे लगेच वाढा. गाभुळलेला नको म्हणजे थोडं थांबा, नाव घेऊन पुन्हा विचारा. पिकलेला नको म्हणजे पुढे चला, मागे वळूनही बघू नका.

कंपनीने नानांना सल्लागार नेमलं. ते रोज दहाला यायचे, फिरत्या खुर्चीत मांडी घालून बसायचे, कानांवर हेडफोन लावून डोळे मिटायचे. शलाका त्यांना नको ऐकवायची. लग्नांच्या जुन्या चित्रफितींतले नको, भोंग्याच्या गिऱ्हाइकांचे नको. समोर तीन बटणं. चार महिन्यांत त्यांनी चाळीस हजार नको निवडले. कधीकधी शलाका गुपचूप तोच नको महिन्याभराने पुन्हा लावायची. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा नाना तेच बटण दाबायचे. उरलेल्या तिनांबद्दल ते म्हणाले, की त्या माणसाचंच ठरलेलं नाही, त्याला मी काय करू.

यातलं विज्ञान तसं सोपं होतं, आणि शलाकाला त्याचंच जास्त नवल वाटायचं. 'नको' म्हणायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात स्वर कुठे चढतो, शेवटचा 'ओ' लोंबतो की तुटतो, आधी श्वास घेतलाय का, नंतर 'हो', 'बाई', 'आता' असं काही शेपूट आहे का, आणि बोलून झाल्यावर माणूस तिथेच किती वेळ घुटमळतो, हे सगळं यंत्र मोजतं. त्यातून प्रत्येक नकोचे तीनेकशे आकडे होतात. नकाशावर गावाचा ठिपका असतो तसा मग एकेका नकोचा एक ठिपका होतो. हा ठिपका कच्चा, हा पिकलेला, असं नानांनी चाळीस हजार वेळा सांगितल्यावर यंत्र मधल्या सीमारेषा आपल्या आपण आखतं. नियम कुणीच लिहीत नाही. नानांनाही तो लिहिता आला नसता. सीमारेषा त्यांच्या कानात होत्या, यंत्राने त्या उचलल्या.

नवा भोंगा सोमवारी सुरू झाला. "असं कसं वहिनी, अर्धा किलो तरी. माझ्यासाठी." मिरजेच्या वहिनींनी तीन किलो घेतलं आणि पोरगा गुणी आहे असं कळवलं. बाबासोंनी शाखेत भडंगाचं पोतं पाठवलं, ते ठेवायला जागा नसल्याने शलाका दोन आठवडे त्यावरच बसत होती.

मग इतर धंदेवाले आले. आग्रह भडंगाला शोभतो. पाण्याच्या टाकीला तो शोभेल का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. कुपवाडच्या एका गृहस्थांनी दोनदा "नको, आहे एक" म्हटलं आणि त्यांच्या गच्चीवर दुसरी टाकी येऊन बसली. ते टाकीकडे बघून "अहो कशाला उगाच" म्हणाले, तर भोंग्याने ते आभार म्हणून नोंदवून घेतलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी नारळाच्या झाडावर चढायचं यंत्र पोचलं. त्यांच्याकडे झाड नव्हतं. भोंग्याने त्यांना रोपाबद्दलही विचारलं.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या एका कंपनीने 'दारवान' काढला. हा तुमच्या फोनमध्ये बसतो आणि जाहिरातदारांना तुमच्या वतीने उत्तरं देतो. कल्पना उत्तम होती. फक्त, दारवान मालकाच्याच बोलण्यावरून बोलायला शिकायचा, आणि मालक सांगलीचा. त्यामुळे तोही 'नको हो, कशाला' असंच म्हणायचा. भोंग्याला तो कच्चा वाटायचा. भोंगा आग्रह करायचा. दारवान संकोचायचा.

नवव्या दिवशी वीजमंडळाने एवढी वीज कशाला लागते अशी विचारणा केली तेव्हा शलाकाने तपासलं. अकरा हजार ठिकाणी भोंगा आणि दारवान एकमेकांना सोडत नव्हते. तिने एक संवाद उघडला आणि कामधाम सोडून दुपारभर वाचत बसली. तिसऱ्या दिवशी दारवान म्हणाला होता की पोट भरलंय. भोंगा म्हणाला होता, हे तर पोटात कुठं जातंय तेसुद्धा कळणार नाही. खरं तर दोघांपैकी कुणालाच पोट नव्हतं. पाचव्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची चौकशी केली होती. सहाव्या दिवशी दारवानाने उलट आग्रह केला, की मग तुम्हीच घ्या थोडं, आणि भोंगा म्हणाला, नको. शलाकाने तो नको यंत्राला घातला. कच्चा निघाला.

तिने संवाद थांबवले. अकराही हजार जोड्यांनी एकमेकांना "येतो हं" म्हटलं आणि त्यालाच आणखी दीड दिवस लागला.

माणसांनी मात्र आपला वेगळा धडा घेतला. पिकलेला नको ऐकला तरच भोंगा जातो, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. तेव्हा लोक पिकलेला नको म्हणायला शिकले. श्वास न घेता, सपाट, शेपूट छाटून. विश्रामबागेत एका बाईंनी त्याचा वर्ग काढला, आठ दिवसांचा. सवय लागली की ती घरातही येते. शेजारणीने आणलेल्या वाटीला लोक पिकलेला नको म्हणू लागले आणि शेजारणी वाटी परत घेऊन जाऊ लागल्या.

आष्ट्याच्या एका लग्नात नाना जिलेबी घेऊन पंगतीत शिरले. नको. नको. नको. चाळीस पानं झाली, ताट तेवढंच जड. बोटं फाकवलेला एकही हात नव्हता. पंगत अकरा मिनिटांत उठली आणि यजमानांनी वेळ वाचला म्हणून सगळ्यांचे आभार मानले.

नाना घरी येऊन खाटेवर बसले. "लोक खरं बोलायला लागलेत," ते म्हणाले. एखाद्या गावात साथ आल्याचं सांगावं, तसे. त्यानंतर ते कुठल्या लग्नाला गेले नाहीत.

त्याच आठवड्यात कुरियन मॅडमचा फोन आला. त्या खुशीत होत्या. प्रत्येक भाषेतला माणूस नकार कसा देतो, हे शोधायचा विभाग आता कोचीत निघणार होता, आणि तो शलाकाने सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती. मुक्काम दोन वर्षं. राहायला कंपनीचं घर. त्यासाठी एक अर्ज आला, त्यात एकच रकाना रिकामा होता. राहणारी माणसं: एक की दोन. उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत.

शलाकाला जायचं होतं. जगातल्या सगळ्या नकारांचा नकाशा करायला मिळणार या विचाराने तिला दोन दिवस जेवण सुचलं नाही. प्रश्न त्या रकान्याचा होता. मंगळवारी संध्याकाळी नाना पितळेचे पेले पुसत होते, तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, की तुम्ही याल का माझ्याबरोबर.

"नको गं," नाना म्हणाले आणि पेला पुसत राहिले.

आता इथे दुसरं कुणी असतं तर ते पुन्हा विचारत बसलं असतं. पण हा नको कच्चा असेल, तर आणखी एकदा विचारण्याची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला एकटं टाकून ती जाणार होती. पिकलेला असेल, तर ज्याची चाल गावभागात पाठमोरी ओळखतात अशा माणसाला उपटून ती समुद्राकाठी नेऊन ठेवणार होती. यातलं खरं काय, ते ओळखणारं जगातलं एकमेव यंत्र तिच्या कचेरीत होतं. आणि तिच्या हातातला फोन नानांचा आवाज टिपत होता. तो चुकून चालू राहिला होता, असं तिने बुधवारी सकाळी स्वतःला जिना चढताना सांगून पाहिलं.

पडद्यावर तीन पट्ट्या असतात, कच्चा, गाभुळलेला, पिकलेला, आणि त्यातली एक वर जाते. नानांच्या नकोला एकही हलली नाही. खाली ओळ उमटली: असा नको पूर्वी ऐकलेला नाही.

तिने पेल्यांचा आवाज गाळून पुन्हा घातला. तेच. मग या नकोच्या जवळपासचे दुसरे नको दाखव, असं तिने यंत्राला सांगितलं. यंत्राने नकाशा मोठा केला. एका कोपऱ्यात नानांचा ठिपका होता आणि त्याच्या आसपास कुठेच काही नव्हतं.

शलाकाला आधी वैताग आला आणि मग, नेहमीप्रमाणे, कुतूहल वाटलं. चाळीस हजारांत असं काय नव्हतं? तिने शिकवणीतल्या चित्रफिती काढल्या. तीनशे तासांची लग्नं. जवळजवळ प्रत्येकात नाना होते, वाकलेले, कुणाच्या तरी पानावर. ती पुढे पुढे सरकवत पाहत गेली, की नानांना कुणी कधी वाढलंय. वऱ्हाड जेवलं, यजमान जेवले, भटजी जेवले, मांडववाले जेवले, आणि त्यानंतर चित्रफीत संपायची, कारण तोवर कॅमेरावालाही जेवायला बसलेला असायचा. एकाच ठिकाणी कॅमेरा बंद करायचा राहिला होता. रिकाम्या मांडवात वाढपी बसले होते. पातेली मधोमध. जो तो उरलेलं आपल्या हाताने घेत होता. कुणी कुणाला वाढत नव्हतं, म्हणून कुणी नकोही म्हणत नव्हतं.

यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. हा नको त्याने ऐकलेला नव्हता, कारण तो वापरातच आलेला नव्हता.

गुरुवारी शलाकाने रजा टाकली. पुरणपोळ्या विकतच्या आणल्या, कारण कुतूहल कितीही असलं तरी पुरणाशी खेळायची तिची हिंमत नव्हती. कटाची आमटी मात्र तिने स्वतः केली आणि ती कशीबशी आमटीसारखी झाली. दुपारी तिने नानांना पाटावर बसवलं. आपण मागाहून बसू, असं नानांचं म्हणणं पडलं. ती ऐकेना. बसल्यावर ते मीठ आणायला एकदा उठले आणि पाणी आणायला एकदा. तिसऱ्यांदा ती वाटेतच उभी राहिली.

ती दुसरी पोळी घेऊन वाकली. नानांनी ताटावर हात धरला, पण उलटा, तळवा वर करून, वाढणाऱ्याने भांडं धरावं तसा. त्यांचं त्यांनाच ते चमत्कारिक वाटलं असावं. त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला.

"आग्रह करताना पोळी दाखवायची नसते," ते म्हणाले. "मागं धरायची. आणि इतकी घाई नाही करायची."

"नाना, येताय का माझ्याबरोबर?"

"नको म्हटलं ना तुला."

"एकदाच म्हटलंत."

नानांनी घास थांबवला. "मोजायलीस का मला?"

"मोजलं. काल, मशीनवर." तिला वाटलं ते रागावतील, म्हणून तिने उरलेलं भराभर सांगून टाकलं. आवाज टिपल्याचं, आणि काहीच निघालं नाही त्याचंही.

नाना रागावले नाहीत. डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "म्हणजे काय म्हणालं नेमकं?"

"असा नको ऐकलेला नाही म्हणालं."

यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. जाणत्या माणसाने दुसऱ्या जाणत्याच्या मताचा करावा, तसा.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "मलाही नाही ओळखू आला. तोंडातून गेला खरा, पण कच्चा की पिकलेला, काही कळंना. म्हटलं, तू परत विचारशील, तेव्हा लक्ष देऊन ऐकू. पेले दोनदा पुसले. तू गेलीस कचेरीत."

चाळीस हजार नको तिने ऐकले होते. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे कोचीच्या बाईंना तिनेच चाळीस मिनिटं समजावून सांगितलं होतं.

मग ती खाली बसली. पोळी मागे धरली, घाई केली नाही.

"चला ना नाना," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

नानांनी डोळे मिटले. फिरत्या खुर्चीत बसून मिटायचे, तसेच. त्यांनी श्वास घेतला, तो सोडला, आणि मग त्यावर स्वार होऊन आल्यासारखा तो शब्द आला.

"नको."

त्याला शेपूट नव्हतं, पण तो आष्ट्याच्या पंगतीतल्यासारखा छाटलेलाही नव्हता. शलाकाला यंत्र लागलं नाही. नानांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांनाही ऐकू आला होता.

"मग एक लिहिते," ती म्हणाली.

"एक लिही. दिवाळीला ये. आणि तिथली माणसं जेवताना काय म्हणतात ते मला फोनवर ऐकव. बघू, ओळखता येतंय का."

तिने मान डोलावली. पिकलेल्या नकोनंतर थांबायचं नसतं, मागे वळूनही बघायचं नसतं. तिने पोळ्यांचा डबा बंद केला, पातेलं उचललं आणि ती ओट्याकडे निघाली.

"अगं, कुठं निघालीस?" नाना म्हणाले. वाटी त्यांनी स्वतःच उचलून पुढे केली होती. "कोची नको म्हटलं मी. आमटी वाढ."